कासीमभाईच्या पुडीतलं तळं

मे सरत आला होता आणि सोलापूरचं ऊन मावळायचं विसरलं होतं. रात्री ते भिंतींच्या पोटात शिरून पडायचं आणि पहाटेच उठून अंगणात यायचं. आभाळ दुधाळ, वारा पडलेला, लिंबाचं पान हलेल तर शपथ. अशा सकाळी कासीम शेख कुणाच्या तरी गच्चीवर कूलर उघडून बसलेला असायचा. जुनं गवत ओढून काढायचं, पाण्याचा पांढरा खार पत्र्यावरनं खरवडायचा, मोटर कानाशी धरून फिरवायची, मग नवं गवत जाळीत पिंजून बसवायचं. पहिलं पाणी उतरलं की त्या गवताला असा काही वास सुटतो, की कासीम डोळे मिटून घटकाभर तसाच राहायचा.

"मिस्त्री, झोप लागली का?" गिऱ्हाईक खालनं ओरडायचं.

"जागाच हाय की. गारवा यायलाय, त्येला वाट तर सोडू."

माणूस पन्नाशीचा, अंगानं वाळका, बोलणं सावकाश. मूळचा करमाळ्याकडच्या केम गावचा. पोरपणी तिथं शेळ्या राखायचा. स्टेशनामागं एक तळं होतं, दर उन्हाळ्यात आटून त्याच्या तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. आणि पाऊसकाळात त्याच तळ्यात बोटाएवढे मासे. कुठनं आले, म्हणून विचारलं की मोठी माणसं म्हणायची, आभाळातनं पडत्यात. कासीमला ते पटलं नाही. भर दुपारी शेळ्या बाभळीखाली बसल्या की हा तळ्याच्या भेगेला कान लावून पडायचा. खाली कुणीतरी कूस बदलतंय असं त्याला वाटायचं. थोरल्या भावानं त्याबद्दल त्याला "येडं कासीम" हे नाव ठेवलं आणि ते बरीच वर्षं चिकटलं.

ही सगळी गोष्ट तो विसरून गेला असता, पण यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला तो जुळे सोलापुरात ऋतुराज नावाच्या एका पोरसवदा बँकवाल्याकडं कूलर दुरुस्तीला गेला. त्याच्या घरात भिंतभर काचेच्या टाक्या. एका टाकीत निळ्या अंगाचा, तांबड्या शेपटीचा इवलासा मासा शिपायासारखा येरझाऱ्या घालत होता.

"हा कुठला?"

"आफ्रिकेतला, किलीफिश म्हणतात," ऋतुराज म्हणाला. "ह्यांचं डबकं दर वर्षी आटतं, मासे मरतात. पण अंडी चिखलात टिकतात. कोरडा चिखल, वर ऊन, आत अंडी. पाणी आलं की फुटतात. हा पोस्टानं आला, काका. पुडीतनं."

कासीमच्या हातातला पाना तसाच राहिला. चाळीस वर्षांनी कुणीतरी त्याच्या बाजूनं बोललं होतं.

मजुरीच्या बदल्यात त्यानं ऋतुराजला एक पुडी मागवायला लावली. ती बंगळुरूहून आली तेव्हा उन्हाळा नुकता तापू लागला होता. तळहाताएवढी प्लास्टिकची पिशवी, आत नारळाच्या काथ्याचा ओलसर भुगा. चिमूटभर भुगा उजेडाला धरून निरखला, तर खसखशीएवढे काचेचे मणी. पुडीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, जूनच्या मध्यानंतर पाण्यात सोडा.

कासीमची बायको कौसर ओट्यावर विड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. शेजारची केराबाई तिच्या जोडीला. दोघींची बोटं चालायची आणि तोंडं त्याहून जोरात.

"भाबी, कासीमभाईनं चहाची पत्ती पोस्टानं आणली का काय?" केराबाई म्हणाली.

"मासे हायत म्हणे त्यात."

"वाळलेले?"

"न्हाय वो. अजून व्हायचे हायत."

केराबाईनं विडी अर्ध्यात थांबवली. "कासीमभाई, ह्या वयात तुमाला डोहाळे लागले व्हय!"

कासीम हसला. म्हणाला, "हसा. पन मला एकदाच बघायचंय. मातीतनं मासा उठताना. ह्या डोळ्यांनी." ते त्यानं इतकं हळू सांगितलं, की केराबाईनं हातातली अर्धी विडी परत वळायला घेतली.

आता पुडी ठेवायची कुठं? पत्र्याचं घर. कपाट तापतं, माठाजवळ मुंग्या. कौसरनंच जागा काढून दिली. विडीचं पान भिजवून ती ओल्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवते, रोज संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडते. साऱ्या घरात गार म्हणून काही असेल तर तेवढाच कोपरा. तंबाखूचा डबा तिथनं लांब, दुसऱ्या फळीवर गेला. पुडी गोणपाटाच्या घडीत निजली.

मग कासीमच्या रात्री बदलल्या. जेवण झालं की तो त्या कोपऱ्याशी आडवा व्हायचा. अंधारात ओल्या पानाचा रानवट वास यायचा. पुडीत अख्खं तळं घडी घालून ठेवलंय, असं त्याला वाटायचं. काठ, सावल्या, पाण्यावर उतरणारे बगळे, सगळं त्या भुग्यात दाबून बसवलेलं.

"काय बोलत्यात का तुमचे मासे?" कौसर पाठ फिरवून विचारायची.

"निजल्यात. हळू बोल."

"या अल्ला! पाळण्याची दोरी बांधू का?"

असं होता होता मे सरत आला आणि अक्कलकोटहून चनबसप्पाचा फोन आला. तिथल्या एका भक्तनिवासाची देखभाल त्याच्याकडं होती. खोल्याखोल्यांत कूलर, सगळ्यांचं गवत कुजलेलं, आणि गर्दी तर वाढत चाललेली. मुक्कामाचं काम होतं. जाताना कासीम कौसरला म्हणाला, "पुडीवर ध्यान ठेव. लई सुकू द्यायची न्हाय. ओल ऱ्हायला पायजे."

केवढी ओल, ते त्यानं सांगितलं नाही. आणि कौसरच्या हाताला ओलीचं एकच माप ठाऊक होतं, पानाचं. पान मुडपताना तडकता कामा नये, एवढी ओल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं पुडी चाचपली. भुगा कुरकुरला. सुकलाय, तिला वाटलं. तिनं पुडी सोडली, माठातलं ओंजळभर पाणी शिंपडलं, पानाला मुरवतो तसं वरनं दाबलं, अजून थोडं शिंपडलं. वर हवेचा फुगा राहील अशी सैलसर गाठ मारून पुडी परत घडीत ठेवली आणि निवांत झोपली.

सकाळी पान काढायला गेली तर पुडीच्या तळाशी गढूळ पाणी जमलेलं. आणि त्या पाण्यात काहीतरी लवलं.

अक्कलकोटात कासीम गच्चीवर होता. कूलरची जाळी मांडीवर, भोवती काळं पडलेलं गवत. फोन वाजला.

"अवो," कौसरचा आवाज भिजलेल्या वातीसारखा. "माझ्याकडनं चूक झाली. म्या पानी मारलं."

"कशाला?"

"पुडीला. वळवळतंय काय तरी. तुमचे मासे आले वाटतं."

जूनच्या मध्यानंतर, असं लिहिलं होतं. सगळा उन्हाळा कासीम ज्या घटकेची वाट बघत होता, ती त्याच्या घरात येऊन उभी होती आणि हा इथं परक्या गच्चीवर काळं गवत घेऊन बसला होता. आता निघालं तरी बस मिळेपर्यंत, पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. हातातलं गवत त्यानं रागानं भिरकावलं.

"बोला की. शिव्या द्या पायजे तर," ती म्हणाली.

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "जित्ते हायत?"

"हायत की."

"मग आईक. परात घे. कालचं पानी वत, नळाचं ताजं नको. दोन बोटं खोल, जास्ती न्हाय. पुडी हळूच उपडी कर. आन फोन ठिवू नको. मला सांग, काय दिसतंय ते."

कौसरचा फोन बटणांचा, त्यात दाखवायची सोय नव्हती. केराबाईला हाक गेली. भांड्यांचा आवाज, मग पाण्याचा.

"अगं बया," केराबाई लांबनं म्हणाली, "ह्ये तर सुईच्या टोकाएवढं! ह्येला मासा म्हणायचं?"

"गप की गं. ... अवो, आईकता ना? विडीच्या दोऱ्याचं तुकडं असावं तसलं हाय. डोळे तेवढे मोठे. एक परातीच्या काठाला चिकटलंय. दुसरं त्येच्याकडं चाललंय. आता दोघंबी थांबली."

कासीमनं डोळे मिटले. गच्ची तापून भाजत होती. तरी त्याच्या पायांखाली केमच्या तळ्याचा गाळ मऊ झाला, त्यातनं बुडबुडा वर आला.

"अजून मणी दिसत्यात का? काचेचे?"

"थांबा, उजेडाला धरते. ... हौ. एक हाय, बोटावर आलाय. त्यात..." ती थांबली. "त्यात डोळा हाय, अवो. सोन्याची कडी असलेला. माझ्याकडंच बघाय लागलाय."

"पाण्यात सोड त्येला. आन बघत ऱ्हा."

सोलापुरात दोघी परातीवर वाकलेल्या, अक्कलकोटात एक जण फोनवर वाकलेला. चनबसप्पा जिना चढून आला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"एन आत्री, काय झालं, कासीमभाई? खोलीतली मान्सं उकडून शिजायलीत, आन तुमी बोलत बसलाव?"

कासीमनं बोट ओठांवर ठेवलं. फोन पुढं करून स्पीकरचं बटण दाबलं. चनबसप्पाही मुकाट खाली टेकला.

"फिरलं," कौसर कुजबुजली. "आत गोल फिरलं. ... आता शेपूट बाहीर आलं. डोकं अडकलंय. अगं, अगं... सुटलं! सरळ झालं. खाली पडलं बघा. पडलं, हलंना. ... अवो, हलंना."

कासीम फोनवर आणखी वाकला.

"उठलं," ती म्हणाली. "चाललं."

चनबसप्पानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "कोन बाळंत झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"माती," कासीम म्हणाला आणि जाळी परत मांडीवर ओढली.

राहिलेले कूलर त्यानं झपाट्यानं संपवले आणि संध्याकाळची बस धरली. घरी पोचला तर परात पलंगाखाली सावलीत होती, वर कौसरची पांढरी ओढणी. ती बाजूला करून तो पालथा पडला. पाणी हललं, त्यात डोळ्यांचे ठिपके हलले. बरेच होते. मोजावेसे त्याला वाटले नाहीत.

ऋतुराजशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, "काका, तारीख बंगळुरूच्या हवेची होती. आपल्या उन्हात अंडी आधीच पिकली. काकूंनी पाणी मारलं नसतं तर जूनपर्यंत त्यातली किती टिकली असती, सांगता येत नाही. आणि भुगा फेकू नका. सगळी अंडी एकदम फुटत नसतात. पिळून, सावलीत सुकवून परत ठेवा. मागं राहिलेली पुढच्या पाण्याला येतील."

कौसरनं भुगा आधीच फडक्यावर पसरला होता. फोन संपेपर्यंत ती दाराशी उभी राहिली.

"पुढच्या बारीला तुमी घरी ऱ्हावा," ती म्हणाली. "म्या हात लावनार न्हाय."

"लाव की."

"बघायचं व्हतं ना तुमाला? तुमच्या डोळ्यांनी?"

कासीम अजून पालथाच. एक मासा त्याच्या नाकाच्या शेंड्यासमोर पाण्यात थांबला होता. "डोळा कसा म्हनलीस? कडी कसली?"

"सोन्याची. बारीक. झीनतच्या नथीची कडी असती बघा, तसली." झीनत त्यांची लेक, लग्न होऊन गेलेली.

"आन मग?"

"मग फिरलं," ती म्हणाली आणि खाली बसून सगळं परत पहिल्यापासून सांगू लागली. या खेपेला तिच्या सांगण्यात दोन मासे जास्तीचे आले. कासीमनं ते तसेच पोहू दिले.

सांगून झाल्यावर तिचं लक्ष सुपाकडं गेलं. सकाळपासून विड्या अर्ध्याच वळून झाल्या होत्या, उद्या कारखान्यावर माल द्यायचा होता. ती सूप मांडीवर घेऊन बसली. कासीम उठला, हात धुतले, पुसून चांगले कोरडे केले. दोऱ्याचं रीळ शोधून काढलं आणि वळून झालेल्या विड्या पुढ्यात ओढून तो मोजून मोजून त्यांचे कट्टे बांधायला लागला.