हौदावरचा अर्धा स

बायको गेली त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर लोणावळ्याच्या बाजारातून येताना सुकटीवरून भांडलो. मी म्हणालो, ह्या दुकानातल्या सुकटीत वाळू लागते. ती म्हणाली, तोंडात दात न्हाईत, वाळू कशी कळली. असं करत चौकातल्या हौदापाशी आलो. तोटीखाली ओंजळ धरून ती पाणी प्यायली, कनवटीची चुन्याची डबी काढली आणि हौदाच्या दगडावर बोटानं अर्धा स काढला. नेहमीसारखाच. मीही नेहमीसारखा दुसरीकडं बघत उभा राहिलो.

त्या स ची हकीकत मीच सांगायला पाहिजे. लबाडी माझी होती आणि ती जाणणारं माणूस आता उरलं नाही.

पहिल्या लढाईच्या आधी ह्या चौकात काहीच नव्हतं. पवन मावळातनं भाताच्या गाड्या स्टेशनाकडं जायच्या, तेव्हा बैल इथं घटकाभर थांबायचे, एवढंच. तांदळाच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं हौद बांधायला काढला, खाली बैलांना, वर माणसांना तोटी. नावाचा दगड कोरायचं काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा वळवणच्या धरणावर दगड फोडत होतो आणि स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. वाचता येत नव्हतं, पण ते कुणाला सांगावं असं वाटलं नाही. पुढं बायकोनंच अक्षरं शिकवली. जोडाक्षर आलं की अजून घाम फुटतो.

शाळेतल्या पंतोजींनी गेरूनं दगडावर लिहून दिलं. मी त्यावर छिन्नी चालवायची, डोकं चालवायचं नाही. दुपारी भाकरी खायला मी त्याच दगडावर बसलो, सावली तिथंच होती म्हणून. उठून परत कामाला लागलो. मध्ये एक जागा मोकळी दिसली. मला वाटलं, वाचणाऱ्याला दम खायला ठेवली असंल.

दगड बसला, नारळ फुटला. व्यापारी मोठ्यानं वाचायला लागला, "मातोश्रींचे मरणार्थ," आणि थांबला. पाहिजे होतं स्मरणार्थ. आता वाचणाऱ्याला वाटावं, म्हातारी मरावी म्हणूनच हौद बांधलाय. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी बेधडक सांगितलं, पंतोजींनी लिहिलं तेच कोरलं. पंतोजी गरीब माणूस. त्यांनाही वाटलं, आपलंच चुकलं असेल. पुढं बदली होईपर्यंत लोक त्यांना विचारायचे, गुरुजी, पोरांना अर्धी अक्षरं शिकवता ना? गाडीवाल्यांनी तर चौकाचं नावच मरण ठेवलं. मरणापाशी सोड, मरणावरनं डावीकडं वळ.

तीन-चार दिवसांनी बायको माझं धोतर धूत होती. बुडाशी गेरूचा डाग, घासून निघेना. भावाच्या पाटीवर ती माहेरी अक्षरं शिकलेली. तिनं धोतर माझ्यापुढं धरलं.

"अवं, ह्यो स तर हितं हाय. बुडाला चिकटवून आणलाय तुमी."

मी तिला शपथ घातली. तिनं कुणाला सांगितलं नाही, पण मलाही सोडलं नाही. छिन्नी घेऊन जा, तेवढा बसवून या, पंतोजी सुटतील. मी म्हणायचो, उद्या. मग तिनंच चुन्याची डबी काढली. दुसरी लढाई आली आणि सरली, तरी माझा उद्या काही उगवला नाही. पंतोजी कुठं तरी बदलीच्या गावी वारले म्हणून कानावर आलं. पाऊस अक्षर धुऊन न्यायचा, ती परत काढायची. लोक म्हणायचे, म्हातारीला नाद लागलाय.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती चुलीपाशी टेकली, ती तिथंच गेली. सुकट निवडायचीही राहिली.

सकाळी इंद्रायणीवरनं तिला पोचवून आलो तर आभाळ भरून आलेलं. लोक म्हणत होते, घरात बसा. मला एकच दिसत होतं, सर आली की तो स जाणार, आणि आता परत काढणारं कोणी नाही. ओल्या धोतरानंच छिन्नी-हातोडी घेऊन मी चौकात गेलो.

चुना होता अजून. तिच्या बोटाची रेघ शेवटाला जाड झालेली. छिन्नी त्याच रेघेवर धरावी लागणार होती, कारण मनानं जोडाक्षर काढणं माझ्याच्यानं होत नाही. हातोडी हातात घेऊन बराच वेळ नुसता उभा राहिलो. मग मारली. एकेका घावाबरोबर चुना उडत होता. चौथा घाव अंगठ्यावर बसला. जन्मभराचा कारागीर मी.

ओळखीचा एक गाडीवाला बैलांना पाणी दाखवत होता. त्याला रातीची बातमी कळलेली.

"आबा, आजच्या दिशी ह्ये काय काढलंय? पंतोजींची चूक तुमी कशापायी निस्तरता?"

"पंतोजींची न्हाई," मी म्हणालो. "मी त्या अक्षरावर बसलो हुतो."

म्हातारं दुःखानं बरळतंय असं त्याला वाटलं. मग त्याला धोतराचं सगळं सांगावं लागलं, अगदी डागापर्यंत. आधी तो हसला, मग त्यानं तोंड फिरवलं. सांगून होईस्तोवर सर आली. अक्षरात साठलेलं पाणी मी ठेचलेल्या अंगठ्यानं पुसलं आणि राहिलेलं कोरायला घेतलं.