खुर्ची माझ्यासाठी, माप नवऱ्याचं

मैत्रिणींनो, आज दुपारी गोंदियात गेमिंग खुर्ची घ्यायला गेले होते. गेम मी खेळत नाही. मुर्रीतल्या घरी दिवसभर बसून ऑनलाइन शिकवण्या घेते आणि कंबर पार कामातून गेली आहे. डॉक्टर म्हणाले, पाठीला नीट आधार देणारी खुर्ची घ्या.

दुकानदाराने खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बैठिए सर."

हे बसले, मागे रेलले, गोल फिरून पाहिलं. "मस्त आहे वो," म्हणाले.

मग मी बसले. खुर्ची सगळ्यात खाली घेतली तरी माझे पाय अधांतरीच. कमरेची उशी पाठीत रुतत होती. मानेची उशी डोक्यामागे येऊन मान पुढे ढकलत होती. मी तसं सांगितलं.

दुकानदार यांच्याकडेच बघून म्हणाला, "दो दिन में आदत हो जाएगी."

"माझे पाय टेकून नाही राहिले," मी म्हटलं.

"त काय झालं? खाली पाट ठेवजो ना," हे म्हणाले. "कायले नखरे करून राहिली लोकांसमोर?"

शेवटी तीच खुर्ची घरी आली. संध्याकाळचा क्लास मी जुन्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून घेतला, कारण नव्या खुर्चीत बसून हे मॅच पाहत होते.

दुखतं माझं अंग, पण मला आराम वाटतो की नाही हे ठरवणार दुसरेच. अशा वेळी तुम्ही काय बोलता?