हिरवा बघितला होता

आमच्या घरात एक वाक्य गेली चार वर्षं चेष्टेला वापरलं जातंय. कुणी दूध उतू जाऊ दिलं, कुणी छत्री विसरून आलं, की दुसरं कुणीतरी लगेच विचारतं, "हिरवा बघितला होता ना?" आणि सगळे हसतात. वाक्य मूळ माझ्या मेहुण्याचं. तो ते चेष्टेनं बोलला नव्हता. ते खरं होतं. खरं असल्याचं फक्त मला माहीत होतं, आणि मीही सगळ्यांबरोबर हसत होतो.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं घर आमच्यापासून दोन वाड्या सोडून, नागावातच. माझी उभी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, त्याची उभी हयात नारळी-पोफळीत. मी निवृत्त झालो आणि डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा आम्ही दोघांनी पहाटे सायकल चालवायचं ठरवलं. नागावहून रेवदंड्याला जायचं, तिथे बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि परत यायचं. बिनसाखरेचा मी. तो माझ्यासमोर पाव बुडवून गोड चहा प्यायचा आणि वर म्हणायचा, "भावोजी, तुमच्या वाटणीची साखर वाया कशाला घालवायची?"

थंडीत मात्र अडचण यायची. आमच्याकडे रस्त्यावर दोन्ही बाजूंनी वाड्यांची झाडं आत वाकलेली असतात. साडेसहापर्यंत खाली काही दिसत नाही. पहिली थंडी आम्ही पेन्सिल सेलच्या दिव्यावर काढली. सेल सारखे संपायचे आणि खाऱ्या हवेनं आतल्या पट्ट्यांना हिरवट गंज चढायचा. मग चार्जिंगचे दिवे आणायला दोघं अलिबागला गेलो.

मी आदल्या दिवशी वहीत तक्ता करून नेला होता. उजेड किती, किती तास पुरतो, पाणी लागलं तर चालतो का, असे रकाने आखून. दुकानातल्या पोरसवद्या माणसानं विचारलं, "काका, उजेड किती लुमेनचा देऊ?"

मी वही उघडेपर्यंत मेहुणा म्हणाला, "दे पाव किलो."

दुकानातल्या पोरानं आधी सगळ्यात मोठा दिवा दाखवला. दिवसाढवळ्या समोरच्या भिंतीवर त्याचा उजेड दिसत होता. मला तोच आवडला. मेहुण्यानं तो हातात घेतला, स्वतःच्या डोळ्यांवर मारून पाहिला आणि खाली ठेवला. "समोरचा आंधळा होऊन आपल्याच अंगावर यायचा," म्हणाला. माझ्या तक्त्यात हा रकाना नव्हता. शेवटी मधला घेतला. त्याचा उजेड खाली, चाकापुढे पडायचा, आणि तो जेमतेम अडीच तास पुरायचा. चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण होतं, म्हणजे खारं वारं आत जायला नको. मागे लावायला लाल दिवा वेगळा. तो लुकलुकायचाही. मेहुण्यानं लुकलुकणं पहिल्याच दिवशी बंद केलं. "पहाटे कोळणी पाट्या घेऊन निघालेल्या असतात. त्यांच्याकडे बघून दिवा डोळे मारतो, आणि मार आपण खायचा!"

दोघांनी अगदी सारखेच दिवे घेतले. आपापला ओळखायला एकावर नेलपॉलिशचा ठिपका देऊ या, असं तो म्हणाला होता. "आपण काय पहिलीतली पोरं आहोत? खुणा कसल्या करायच्या?" असं मी म्हणालो. ज्याचा जन्म पोरांच्या पाट्यांवर खुणा करण्यात गेला, तोच मी.

चार्जिंग आमच्या पडवीत व्हायचं, कारण इन्व्हर्टर आमच्याकडे होता आणि सायकलीही तिथेच असायच्या. चार्ज होताना दिव्यावर बारीक लाल ठिपका दिसायचा. पूर्ण भरला की तो हिरवा व्हायचा. मेहुणा वाडीला पाणी लावून झालं की पाचला यायचा, दिवा लावायचा, आणि आठच्या सुमाराला गप्पा मारायला आला की हिरवा ठिपका बघून वायर काढून ठेवायचा. एकही दिवस चुकला नाही. तरी मास्तर मीच. फळीच्या वर मी एक कागद चिकटवला होता, मोठ्या अक्षरांत, "दिवे लावले का?"

आता तो दिवस सांगतो.

आदल्या संध्याकाळी आमची कळशी विहिरीत पडली. गळ टाकून ती काढताना उजेड हवा म्हणून मी माझा दिवा नेला आणि तासभर पूर्ण तेजात पाण्यावर धरला. कळशी निघाली. दिवा मी आणून फळीवर ठेवला, बरोबर माझ्या त्या कागदाखाली, आणि चार्जिंगला लावायचा विसरलो. पहाटे बटण दाबलं तर तो तीनदा लाल चमकला. म्हणजे संपत आलाय. शेजारी मेहुण्याचा दिवा होता, भरलेला. मेहुणा अंगणात मफलर बांधत उभा होता. मी त्याचा दिवा माझ्या सायकलला लावला आणि माझा त्याच्या.

मनाची समजूत घालायला वेळ लागला नाही. पुढे मी असतो, पुढच्याला उजेड हवा. मागच्याला काय, माझा लाल दिवा दिसतोच. आणि आपला दिवा चार्ज करायचा राहिला हे त्या कागदाखाली उभं राहून कोण कबूल करणार?

सेलचा दिवा मरायला टेकला की आधी पिवळा पडायचा, सांगून सवरून जायचा. हे चार्जिंगचे दिवे तसे नाहीत. शेवटपर्यंत पांढरेशुभ्र जळतात आणि एकदम जातात. चौलच्या अलीकडच्या वळणाआधी मागून आवाज आला, "भावोजी, माझा दिवा गेला!"

"ये माझ्या मागनं!" मी ओरडलो. वेग कमी केला नाही.

वळणावर कुणाच्यातरी घरासाठी चिरे रचून ठेवले होते. मी त्यांना वळसा घालून गेलो. त्याला ते दिसलेच नाहीत.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं. अलिबागला प्लास्टर झालं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, धावत आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दिवा चार्ज केला नव्हतात?"

"केला होता गं," तो म्हणाला. "हिरवा बघितला होता मी. डोळ्यांनी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राहून गेलं असेल, वहिनी. होतं असं. वय झालं आता."

दिवे बदलले ही चूक होती. हे जे बोललो, ती चूक नव्हती.

संध्याकाळी त्याच्या मुलानं तो दिवा चार्जिंगला लावून पाहिला. तीन तासांनी ठिपका हिरवा. सगळ्यांनी निष्कर्ष काढला, दिव्यात बिघाड नाही, म्हणजे माणूसच विसरला. मेहुणा आठवडाभर भांडला. "हिरवा बघितला होता" हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की पोरांनी त्याची म्हण केली. मग तो भांडायचा थांबला. त्यालाही ते पटलं.

माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी बघायचं टाळलं. कुठल्या माडाला कितवं वर्ष, कुणाच्या आत्याची सून कुठल्या गावची, सगळं ज्याला तोंडपाठ, तो हळूहळू म्हणायला लागला, "मला नका विचारू. माझं काही खरं नाही." गॅस बंद केला का ते तीनदा बघायचा. वाडीच्या पंपाच्या खोलीची चावी त्यानं सुनेच्या हातात दिली. चाळीस वर्षं ती त्याच्या करगोट्याला होती. सायकल तर प्लास्टर निघाल्यावरही घेतली नाही. मी एकटाच रेवदंड्याला जायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. चार थंड्या अशा गेल्या.

या वर्षी दिवाळीनंतर तो एक दिवस पडवीत आला. खिशातून छोटी वही काढली. पानापानावर लिहिलेलं होतं, गॅस बंद, दार लावलं, गोळी घेतली, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. म्हणाला, "भावोजी, अलिबागला विसरण्याच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. तुम्ही चला बरोबर. कधीपासून सुरू झालं ते विचारतात म्हणे. तुम्हाला नीट सांगता येईल. तो दिवा."

मी येतो म्हणालो. रस्त्यात सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसलो तेव्हाही जमलं नाही. आत गेलो. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा कधी जाणवलं, आजोबा?"

"चार वर्षं झाली," मेहुणा म्हणाला. "दिवा चार्ज करायचा विसरलो आणि वर केला म्हणून सांगत होतो."

बाई लिहायला लागल्या.

"ते खोडा," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. "आपण कोण?"

"यांच्या बहिणीचा नवरा. ते विसरले नव्हते. दिवा मी बदलला होता. भरलेला मी घेतला आणि माझा रिकामा यांना लावला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि हे तुम्हाला आत्ता आठवलं?"

"नाही. रोज आठवत होतं."

"मग तपासायचं कुणाला?" बाई म्हणाल्या, आणि हसू दाबायला त्यांनी कागद पुढे ओढला.

तपासलं त्यालाच. शंभरातून सात सात वजा करायला लावले, त्यानं माझ्यापेक्षा भराभर केले. आज काय, असं विचारल्यावर त्यानं तिथी सांगितली, वर भरती किती वाजता लागेल तेही सांगितलं. ते बरोबर का चूक हे बाईंना ठरवता येईना. शेवटी म्हणाल्या, वयाच्या मानानं छान आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, आणि ती वही बंद करा.

परत येताना मिनीडोअरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या सहा आसनी रिक्षात, आम्ही समोरासमोर बसलो. तो बाहेर बघत होता. एकदाही माझ्याकडे बघेना. अक्षी गाव मागे पडलं. त्यानं आता मला इथेच खाली उतरवलं तरी चाललं असतं, असं मला झालं होतं. एकदम त्यानं मांडीवर थाप मारली.

"हिरवा बघितला होता मी!"

शेजारी रिकामी पाटी घेतलेली म्हातारी दचकली. "काय बघितलंस रं बाबा?"

मग त्यानं अख्ख्या गाडीला सगळं सांगितलं. विहीर, कळशी, चिरे, मनगट, कसलीही सूट नाही. सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हाच का तो? दिसतोय तर मास्तरावानी."

"मास्तरच हाय," मेहुणा आनंदानं म्हणाला.

"मग दे की दोन छड्या!"

नागावला उतरल्यावर मी म्हणालो, "अरे, मला माफ कर."

"ते बघू," तो म्हणाला. "आधी लिहून द्या. तोंडी नको. तुमचा तो कागद होता ना मोठ्या अक्षरांतला, तसं सगळं लिहायचं आणि ताईसमोर, हिच्यासमोर, पोरांसमोर वाचायचं. चार वर्षं मला हसलेत सगळे."

त्याप्रमाणे हे लिहिलं आहे. वरचं सगळं परवा पडवीत वाचून दाखवलं. मुलं सुरुवातीला हसली, मग हसेनाशी झाली. वहिनी उठून आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. माझा कप द्यायचा राहिला. विसरल्या असतील असं मला वाटत नाही. माझ्या बायकोनं मात्र फळीवरच्या कागदाकडे बोट केलं. "दिवे लावले का म्हणे! चांगले दिवे लावलेत हो तुम्ही!" सुनेनं कंबरेची चावी काढून मेहुण्यापुढे धरली. त्यानं ती घेतली, करगोट्याला अडकवली आणि लगेच वाडीकडे निघाला. पाण्याची वेळ झाली होती.

तेवढ्यावर संपवायचं होतं, पण आज सकाळचं लिहिलं पाहिजे.

आज आम्ही पुन्हा निघालो, चार वर्षांनी. दिवे नवीन घेतलेत, पुन्हा सारखेच, पण त्याच्या दिव्यावर माझ्या बायकोच्या नेलपॉलिशचा लालभडक ठिपका आहे. निघताना त्यानं तो ठिपका मला बोटानं दाखवला. त्याला मी पुढे ठेवलं. चौलचं ते वळण जवळ आलं, आणि त्याच्या चाकापुढचा उजेड एकदम गेला. दोन्ही ब्रेक दाबून मी उतरलो. "अरे, मी हात लावला नाही! शपथ!"

तो सायकलवर एक पाय टेकून उभा होता. अंधारात आधी खुदखुदला आणि मग मोठ्यानं हसायला लागला.

"तुमचं काही नाही, भावोजी. काल क्रिकेट बघत बसलो, लावायचाच राहिला. या वेळी मीच विसरलो!"

हे त्यानं एखादं बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं. मग तो माझ्या डाव्या बाजूला आला, आणि माझ्या एका दिव्यावर आम्ही दोघं शेजारी शेजारी, अगदी सावकाश, रेवदंड्याला गेलो.