इंजिनाचं पाणी, घरचं पाणी

माझं माहेर घनसावंगीकडचं, गोदावरीच्या काठाजवळचं. पाणी मोजून वापरायचं असतं, हे मला लग्न होऊन जालन्याला आल्यावर कळलं. आमचे हे विजेच्या कारखान्यात इंजिन चालवायचे. कारखाना म्हणजे काय, कापसाच्या गिरणीच्या आवारातली एक पत्र्याची शेड, तीत तेलावर चालणारं एक इंजिन आणि शेडच्या भिंतीला लागून आमची एक खोली. निजामाच्या राज्यात आमच्याकडे तेव्हा वीज म्हणजे नवलाई. पेठेतले दिवे आणि पाच-सात बंगले, एवढाच तिचा संसार. आमच्या खोलीत कंदीलच होता, आणि त्यावरून मी यांना येताजाता टोचायची. माझी जीभ पहिल्यापासून तिखट.

इंजिनाला तेलाइतकंच पाणी लागायचं. विहिरीतून हौदात भरलेलं गार पाणी नळीतून इंजिनाभोवती फिरायचं आणि गरम होऊन बाहेर पडायचं. थंडीत गल्लीतल्या बायका त्या ऊन पाण्यात गोधड्या धुवायला यायच्या. पाणी बाहेर पडे त्या नळीवर हे तळहात ठेवायचे आणि पाच मोजायचे. पाचापर्यंत हात टिकला तर ठीक. त्याआधी चटका बसून हात उचलावा लागला, तर इंजिन थांबवायचं, नाहीतर ते भाजून जाम होणार. हे करून करून तळहाताला असे घट्टे पडले होते, की पोराच्या कपाळाला लावला तर ताप कळायचा नाही. मग ते हात पालथा करून लावायचे.

आमचा थोरला दीड वर्षाचा होता, त्या वर्षीचा वैशाख मी विसरलेले नाही. सकाळी नऊलाच पत्रे तडतडायला लागायचे. एरवी इंजिन दिवेलागणीला सुरू व्हायचं. त्या उन्हाळ्यात बंगल्यांतल्या लोकांना पंख्याशिवाय निभेना, म्हणून ते भर दुपारी सुरू करायचा हुकूम आला. उर्दूत लिहिलेला कागद गिरणीच्या मुनीमजींनी यांना वाचून दाखवला. कागद लिहिणाऱ्याला विहिरीचा तळ ठाऊक नव्हता. विहीर आटत चालली, तेव्हा हे नळीतून बाहेर पडलेलं गरम पाणीच परत हौदात सोडायला लागले. ते निवायला वेळच मिळेना.

आणि त्यातच पोराला ऊन लागलं. दोन दिवस अंग विस्तवासारखं. वैद्यांनी बजावलं होतं, ओल्या फडक्यानं सारखं पुसत राहा, फडकं वाळू देऊ नका. घरात अर्धा रांजण आणि एक घागर, एवढंच पाणी होतं. पाणीवाला दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होता. माझा हात रांजणातून पोराच्या अंगावर आणि अंगावरून रांजणात, एवढंच काम करत होता.

तिसऱ्या प्रहरी हे आले. हातात दोन बादल्या, तोंड तांबडंलाल.

"रांजणात किती हाये?"

"अर्धं. का?"

"दे. हौदाचा तळ दिसून राह्यला. मालकानं पाण्याला गाडी पाठवली, पण तिला यायला तासभर लागंल. तेवढा तास निभला पायजे. इंजिन बंद पडलं तर उद्या येऊ नको म्हणले."

हे बोलताना त्यांची नजर रांजणावर होती, पोरावर नव्हती. मी उठले आणि रांजणाला पाठ लावून उभी राहिले.

"न्हाई देणार."

"तासाचा परश्न हाये. जल्दी सरक."

"तासाभरात याचं काय होईल, ते सांगा आधी. मंग सरकते."

ते बादल्या घेऊन उभे राहिले. मग वळले आणि रिकाम्या बादल्या घेऊन गेले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

थोड्या वेळानं इंजिन थांबलं. ते चालू असताना आमच्या फळीवरची भांडी सारखी वाजत असत. ती गप्प झाली, तेव्हा मला पोराचा श्वास ऐकू यायला लागला. हात दोनापर्यंतसुद्धा टिकेना, तेव्हा यांनीच इंजिन बंद केलं होतं.

गिरणीचे मालक तणतणत आले ते थेट आमच्या दाराशी, मागोमाग हे. मी दाराआड होते, हातातलं फडकं जमिनीवर गळत होतं.

"पाणी कुठूनच मिळालं न्हाई?"

"न्हाई, मालक."

"तुझ्या घरात?"

"घरात बी न्हाई. बिलकुल न्हाई."

दार लोटलंच होतं, त्याला कडी नव्हती. मालकांनी आत डोकावलं असतं तर रांजण समोरच होता. पण परक्या बाईच्या घरात डोकवायचं नाही अशी रीत होती, त्या रीतीनं आम्हाला वाचवलं. नोकरी मात्र वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला घाम फुटला आणि ताप उतरला. यांनी हात पालथा करून त्याच्या कपाळाला लावला आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. आठवड्यानं आम्ही सामान गाडीत घातलं आणि वडीगोद्रीला एका पिठाच्या गिरणीवर गेलो. तिथंही इंजिनच होतं, पण लहान.

त्यानंतर ह्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. आधी थट्टेखोर असलेला माणूस मुका झाला. जालन्याची नोकरी माझ्यामुळे गेली म्हणून ते माझ्यावर धुमसताहेत, असं मी धरून चालले. मीही हट्टी, माफी मागावी असं मला कधी वाटलं नाही. फक्त रांजण रोज काठोकाठ भरून ठेवायची.

राज्य बदललं, थोरला शाळेत जायला लागला. असाच एक वैशाख होता. हे गिरणीवरून आले, मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हातात धरून ठेवला, प्याले नाहीत.

"त्या दिशी तू रांजणापासून सरकली अस्तीस ना," ते म्हणाले, "तर मी सगळं पाणी घेऊन गेलो अस्तो. पोरासाठी एक थेंब ठेवला नस्ता."

इतकी वर्षं ते माझ्यावर रागावलेलेच नव्हते.

आणि ते सगळं पाणी नेणार होते, हे मला त्याच दिवशी त्यांच्या नजरेत दिसलं होतं. म्हणून तर मी उभी राहिले होते.

"काहीतरीच तुमचं," मी म्हणाले. "तुम्ही नस्तं नेलं. मला ठाऊक होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग तांब्यातलं सगळं पाणी प्याले आणि गिरणीवर गेले.