शेजारची वाटी

शेजारच्या मंदाताईंची वाटी कधीची ओट्यावर पडून होती. रिकामी वाटी परत करत नाहीत, म्हणून आज तिच्यात साखर भरली. पण उंबऱ्याशी आले आणि नेहमीसारखी छाती धडधडू लागली. आमच्या घरातलं कॉलेजला गेलेलं पहिलं माणूस मी. एसटीने एकटी जायचे. आता म्हातारपणी मधलं अंगण ओलांडवत नाही. औषधं चालू आहेत, थकवा मात्र हटत नाही.

मंदाताईंनी त्यांच्या दारातून पाहिलं. "बाई, अर्ध्यापर्यंत या. पुढे मी येते."

गेले. वाटी त्यांच्या हातात देताना साखर सांडली.

"सांडू दे, मुंग्यांचा सण झाला," त्या म्हणाल्या. "उद्या वाटी भरून आणते. परत करायला यावंच लागेल!"

घरात येऊन मटकन बसले. या देण्याघेण्याला शेवट नाही, याचं आज बरं वाटलं.