पहिलीच्या रुखमिणीबाई

रुखमिणीबाई कारध्याच्या, धान पिकवणाऱ्या घरातल्या. डी.एड. झाल्यावर १९७६ साली त्या मोहाडीतल्या एका खाजगी शाळेत पहिलीला शिकवू लागल्या. वर्गात शुद्धच बोलायचं, असा मुख्याध्यापक पुंडलिकरावांचा नियम होता. पालक फी भरत, त्यांनाही तेच हवं होतं.

पहिले काही महिने वर्ग मुकाच राहिला. एकदा बाईंनी तळ्याचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय आहे?" कुणी तोंड उघडेना. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "हे का होय, सांगा बरं."

"बोडी!" सगळा वर्ग एकदम ओरडला.

"बरोबर. पुस्तकात हिलेच तळं म्हणते."

तेव्हापासून त्या प्रत्येक चित्राला आधी घरचा शब्द विचारत, मग पुस्तकातला सांगत. मुलं बोलू लागली, भांडू लागली, चुकीचं वाचून हसू लागली. पुंडलिकरावांनी दोनदा हटकलं. बाई ऐकून घेत आणि वर्गात परत तेच करत.

धान्याचे व्यापारी ताराचंद यांची मुलगी बेबी वर्गात होती. तिच्याकडून हा प्रकार कळला तसे ते शाळेत आले.

"घरी बोलते तेच शिकवाले फी कायले भरू, बाई?"

"पोरीले आधी बोलू तं द्या, भाऊ. बोलली तं शिकंल."

ताराचंदांना ते पटलं नाही. त्यांनी बेबीचं नाव काढलं आणि तिला भंडाऱ्याला मामाकडे ठेवून तिथल्या मोठ्या शाळेत घातलं. पुंडलिकरावांनी या गोष्टीचा ठपका बाईंवर ठेवला. त्या वर्षी बाईंची पगारवाढ झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ताराचंद स्वतः बाईंच्या घरी आले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "पोरगी तिथं वर्षभर बोललीच नाही. मास्तरीण म्हणते, मुकी आहे का? आता घरीबी बोलून नाही राहिली."

बाईंनी बेबीला पुन्हा पहिलीत बसवून घेतलं. तिला काही विचारायचं नाही, असं इतर मुलांना सांगून ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका दुपारी बेबी शेजारच्या मुलीला म्हणाली, "माही पाटी दे ना व." बाई फळ्यावर बेरीज लिहीत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं तर पोरगी पुन्हा गप्प होईल, अशी त्यांना भीती वाटली.

बेबी पुढे मॅट्रिक झाली, द्वितीय श्रेणीत. ताराचंद बाजारात सांगत, पोरगी शिकली ती आपल्या धाकामुळे. हे बाईंच्या कानावर आलं. त्यांनी कधी खोडून काढलं नाही. १९८८ मध्ये पुंडलिकराव निवृत्त झाले आणि संस्थेने बाईंना मुख्याध्यापिका केलं. दार लोटून घ्यायची गरज उरली नाही, तरी पहिलीचा वर्ग त्यांनी स्वतःकडेच ठेवला.