मेनूतला केशरी रंग

स्वप्नाली यायच्या आधी तानाजीसरांच्या बीडच्या वेबसाइटच्या ऑफिसात काहीही अडलं की "वर्षाला विचारा" असंच व्हायचं. वर्षाराणी जवळच्या पाली गावची, मायबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे. मोबाईलवर बघून बघून ती वेबसाइट बनवायला शिकली होती.

स्वप्नाली पुण्यात नोकरी करून परतलेली. आल्या आल्याच तिनं वर्षाराणीच्या कामातली चूक काढली. सत्यभामाबाईंच्या वधू-वर केंद्राची साइट होती. मेनूत 'मुख्य पान', 'मुली', 'मुलं' अशी नावं. पान तेच राहायचं, फक्त वरचा पत्ता आणि आतला मजकूर बदलायचा. आणि मेनूतल्या ज्या नावावर बोट ठेवलं त्याला केशरी रंग चढायचा. पण मोबाईलचं मागे जायचं बटण दाबलं की खाली मुलींचे फोटो आणि रंग मात्र 'मुलं'वरच.

"रंग क्लिकवर नको, पानाच्या पत्त्यावरून ठरव," स्वप्नाली हसत म्हणाली.

"बघ वर्षे, हिला म्हणत्यात नजर," सर बोलले.

वर्षाराणीचा डबा त्या दिवशी तसाच घरी गेला.

स्वप्नालीनं घाईघाईत मेनू नव्यानं लिहिला. वर्षाराणीनं तो उघडला अन् तिला लगेच दिसलं. पत्ता कशानं सुरू होतो एवढंच स्वप्नाली तपासत होती. मुख्य पानाचा पत्ता म्हणजे नुसती तिरकी रेघ, आणि बाकीचे सगळे पत्ते त्याच रेघेनं सुरू होणार. म्हणजे कुठंही गेलं तरी 'मुख्य पान' रंगलेलंच! सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ती चहाला निघून गेली.

सत्यभामाबाई साइट बघायला आल्या. "कावून गं, दोन-दोन नावं रंगल्यात? मी हाय तरी कुठं?"

सरांच्या कपाळाला आठी पडली. स्वप्नालीचे कान लाल झाले. वर्षाराणीला लई बरं वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

तेवढ्यात स्वप्नालीनं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. "वर्षा, तू बघतेस का? मला सुचंना झालंय."

आता नाही म्हणता येईना. मुख्य पानाचा पत्ता पुरा जुळला तरच त्या नावाला रंग द्यायचा, एवढं तिनं लिहिलं. झालं.

"हे वर्षाराणीनं केलं, बरं का मावशी," स्वप्नाली म्हणाली. "मी चुकले होते."

सत्यभामाबाईंनी वर्षाराणीची पाठ थोपटली. शाबासकी मिळाली, पण ती स्वप्नालीनं मिळवून दिलेली.

पालीला जाताना रिक्षात तिनं ते शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. मी चुकले. स्वप्नालीसारखे सहज काही निघेनात. तिला त्याचाही हेवा वाटला.